जुना ट्रक मिसिंग मारतो तेव्हा: पंप उतरवण्याआधी काय काय तपासायचं

"मिस्त्री, गाडी मिसिंग मारून राहिली." कळमना मार्केट असो की वाडी-कापसीची गोडाउनं, हे वाक्य नागपूरच्या गॅरेजांना नवं नाही. मिसिंग म्हणजे इंजिनचे सिलिंडर नीट न पेटणं, त्यामुळे इंजिन अडखळत चालतं. त्यावर फार लवकर मिळणारं उत्तर म्हणजे "पंप उतरवा, लॅबला पाठवा". पंप म्हणजे नोझलला दाबानं डिझेल देणारा डिझेल पंप, आणि लॅब म्हणजे तो तपासून दुरुस्त करणारं वर्कशॉप. जुन्या डिझेल गाडीत हे उत्तर बहुतेक वेळा घाईचं ठरतं. मिसिंगचा दोष आधी टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, मग नोझलमध्ये (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग), मग टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) आणि व्हॉल्व्हमध्ये शोधायचा असतो. पंपाचा नंबर शेवटचा. या क्रमानं गेलात तर पहिल्या तासात दोष कुठल्या भागात आहे ते कळतं आणि तोवर खर्च होतो फक्त चार-सहा तांब्याच्या वॉशरचा.

इथलं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे: टाटाची ६९७ आणि ४९७ इंजिनं, कमिन्सचं ६बीटी, लेलँडची जुनी सहा सिलिंडरची इंजिनं आणि त्यांच्यासारखी. तुमची गाडी कॉमन रेलची (सगळ्या नोझलांना एकाच जास्त दाबाच्या पाइपातून डिझेल देणारी, कॉम्प्युटरवर चालणारी) असेल तर खाली सांगितलेलं नट ढिलं करण्याचं काम अजिबात करू नका. त्या पाइपात १,००० बारपेक्षा जास्त दाब असतो. अशी डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. त्या गाडीला स्कॅनरच लावा.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडर पेटायला तीनच गोष्टी लागतात: दाबून लालबुंद तापलेली हवा, बारीक फवाऱ्यातलं डिझेल, आणि तो फवारा नेमक्या क्षणी येणं. मिसिंगचा प्रत्येक दोष या तिन्हींपैकी एक गोष्ट बिघडवतो. म्हणून तपासताना प्रश्न एकच ठेवायचा: हवा कमी पडते, डिझेल कमी पडतं, की वेळ चुकते? आणि त्याच्या जोडीला दुसरा: हे एकाच सिलिंडरचं आहे की सगळ्यांचं?

पाना उचलण्याआधी

ड्रायव्हरला नीट विचारा. सकाळी थंड असताना मिसिंग मारते आणि दहा मिनिटांत सुटते का? तसं असेल तर नोझल, कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं) किंवा रात्रभरात नळीत शिरलेली हवा. थंडीत ठीक आणि तापल्यावर बिघडते? मग टॅपेट घट्ट झालेलं असू शकतं, किंवा पंपाचे एलिमेंट (डिझेल दाबणारे प्लंजर आणि त्यांच्या नळ्या) झिजलेले. रिकामी छान पळते, पण माल भरून चढावर दम सोडते? डिझेल पुरत नाही: फिल्टर, टाकीची जाळी, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप). फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर सुरू झालं? नव्वद टक्के गोष्ट हवेची आहे, बाकी काही शोधू नका. एखाद्या ठिकाणी डिझेल भरल्यावर लगेच सुरू झालं? मग पाणी.

यानंतर दोन मिनिटांची एक तपासणी आहे आणि ती कुणीच करत नाही. इंजिन बंद करायची केबल पंपावरच्या लिव्हरपर्यंत हातानं पाहा. केबल गंजून अर्धवट अडकली की स्टॉप लिव्हर पूर्ण मागे येत नाही, पंप कायम थोडं कमी डिझेल देतो आणि गाडी आयडलला (ॲक्सिलेटर न दाबता इंजिन हळू चालताना) डुलते. केबल सोडा, लिव्हर हातानं पूर्ण मागे करा आणि इंजिन ऐका. ॲक्सिलेटरचं लिव्हरही तसंच हातानं हलवून पाहा, ते कुठे अडखळायला नको.

इंजिन हलतं म्हणजे मिसिंगच असंही नाही. माउंटिंगचं रबर तुटलं, फॅनचं एखादं पातं तुटलं तरी केबिन थरथरते. फरक ओळखायला सायलेन्सरच्या तोंडापुढे कागदाची पट्टी धरा. सगळे सिलिंडर पेटत असतील तर ती एकसारखी फडफडते. एक मेला असेल तर ठरावीक अंतरानं एक ठोका चुकतो आणि पट्टी आत ओढल्यासारखी होते. पट्टी एकसारखी आणि केबिन मात्र हलते, तर माउंटिंग पाहा.

धूर काय सांगतो

पांढरा धूर डोळ्यांना झोंबत असेल, त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर डिझेल सिलिंडरमध्ये जातंय पण पेटत नाही: कम्प्रेशन कमी, नोझलचा फवारा खराब किंवा टायमिंग उशिरा. धूर झोंबत नसेल, वाफेसारखा विरत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. नागपुरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे निरोगी जुनं इंजिनही मिनिटभर पांढरं सोडतं, त्याला दोष मानू नका. तो पाच मिनिटांनीही थांबला नाही तर माना.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. सतत काळा असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. उमरेडकडून कोळसा किंवा कोराडी-खापरखेड्याहून राख वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर किलोमीटर मोजून नाही, डोळ्यांनी पाहून बदलायचा. फिल्टरचं एलिमेंट टायरवर आपटून साफ करू नका, कागद फाटतो आणि धूळ थेट लायनरपर्यंत जाते. हवा मारायची तर आतून बाहेर आणि हळू. टर्बोची गाडी असेल तर इंटरकूलरच्या रबर होजला चीर आहे का, क्लॅम्प ढिला आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. एक्झॉस्ट ब्रेक असेल तर त्याचा फ्लॅप अर्धवट बंद राहिलेला नाही ना? काळा धूर सतत न येता "फक फक" करत तुकड्या-तुकड्यानं येत असेल आणि सोबत ठोक्याचा आवाज असेल, तर एखादं नोझल टपकतंय. निळा धूर तेलाचा असतो: रिंगा, व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचा सील.

कोणता सिलिंडर मेला आहे

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि इथे घाई केली की पुढचं सगळं चुकतं.

गाडी सपाट जागी उभी करा, चाकाला दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. इंजिन चांगलं तापू द्या आणि आयडलवर ठेवा. सैल बाही किंवा गळ्यातला गमछा फॅनजवळ नको. जवळ कुणी बिडी ओढत नसावं, आणि डिझेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पडू नये म्हणून खाली फडकं धरा. डोळ्यांना चष्मा.

आता एक नंबरच्या नोझलकडे येणाऱ्या पाइपचा नट १७ किंवा १९ च्या पान्यानं अर्धा ते एक फेरा ढिला करा. डिझेल बाहेर झिरपलं की त्या सिलिंडरला नोझल उघडण्याइतका दाब मिळत नाही, म्हणजे आपण तो मुद्दाम मारला. इंजिनचा आवाज बदलला, रेस (इंजिनचा वेग) पडली, तर तो सिलिंडर काम करत होता. नट घट्ट करा आणि दोनकडे जा. ज्या नंबरवर नट ढिला करूनही आवाज तसाच राहतो, तो आधीच मेलेला. सहाही नंबर पाहा, पहिला सापडला म्हणून थांबू नका. जुन्या गाडीत एक पूर्ण मेलेला आणि एक अर्धा, अशी जोडी बऱ्याचदा निघते.

मेलेल्या सिलिंडरचा नट ढिला असतानाच नीट पाहा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. डिझेल ठोक्या-ठोक्यानं स्वच्छ येतंय, तर पंपाचं काम बरोबर आहे, दोष नोझलचा किंवा कम्प्रेशनचा. फेस येतोय, बुडबुडे येताहेत, तर हवा. काहीच येत नाही किंवा नुसतं ओलं होतं, तर पंपाच्या त्या लाइनमधला डिलिव्हरी व्हॉल्व्ह अडकला आहे, त्याची स्प्रिंग तुटली आहे किंवा प्लंजर गेला आहे.

नट परत कसताना पाइप वाकवू नका आणि पान्यावर लटकूही नका. साधारण २५ न्यूटन-मीटर पुरतात. जास्त कसला की पाइपचं टोक दबतं, भोक अरुंद होतं, आणि दुरुस्त करायला गेलेला माणूस नवीन मिसिंग तयार करून ठेवतो.

नट ढिला करायचा नसेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर वापरा. गाडी थंड असताना सुरू करा आणि दोन-तीन मिनिटांत मॅनिफोल्डच्या प्रत्येक तोंडाचं तापमान घ्या. मेलेल्या सिलिंडरचं तोंड शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट थंड लागतं. मॅनिफोल्डवर पाणी शिंपडून पाहायची जुनी पद्धत तापलेल्या बिडाला तडा देते, ती सोडून द्या.

हवा: सगळ्यात जास्त वेळा हीच

नट ढिले करून सगळे सिलिंडर सारखेच निघाले, तरी इंजिन डुलतंय, रेस वर-खाली होते, मध्येच बंद पडते, तर बोट डिझेलच्या पुरवठ्याकडे वळवा.

इथली फसवणूक समजून घेतली पाहिजे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तिथे बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर एक थेंब दिसत नाही, आणि "कुठेच लीक नाही" असं म्हणून लोक पंपाकडे वळतात. फीड पंपाच्या पुढे मात्र दाब असतो, तिथलं लीक ओलं दिसतं.

म्हणून ओढीच्या बाजूला पारदर्शक नळी लावा. फीड पंपाच्या इनलेटला मूळ रबर नळीच्या मापाची एक फूटभर पारदर्शक नळी क्लॅम्पनं बसवा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे काही बुडबुडे निघून जातील. पाच मिनिटांनीही बुडबुडे येत राहिले, तर हवा मागून येते आहे.

आता टाकी वगळून पाहायचं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, कॅन टाकीच्याच उंचीला ठेवा आणि फीड पंपाची इनलेट नळी त्यात सोडा. रिटर्न (पंपातून परत येणारं डिझेल) टाकीतच जाऊ द्या, फक्त कॅन लवकर संपतो हे लक्षात ठेवा. इंजिन गुळगुळीत झालं, तर दोष टाकी ते फीड पंप या नळीत पक्का. फरक पडला नाही, तर कॅन फीड पंपापेक्षा वर उचला. वर उचलल्यावर सुधारलं आणि खाली ठेवल्यावर बिघडलं, तर फीड पंपाला ओढायची ताकद राहिलेली नाही: त्याचे छोटे व्हॉल्व्ह, पिस्टन किंवा स्प्रिंग झिजली आहे. पहिल्यापासूनच कॅन उंच ठेवला की हा दोष झाकला जातो, म्हणून क्रम पाळा.

हवा शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. बँजो बोल्टचे (नळी जोडणारा, मधून भोक असलेला बोल्ट) तांब्याचे वॉशर. पुन्हा वापरायचेच असतील तर लाल होईपर्यंत तापवून गार करा, तांबं मऊ होतं आणि बसतं. पण खाचा पडलेला वॉशर फेकूनच द्या. रबर नळी: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, वरून इंजिनची उष्णता, त्यामुळे नळी बाहेरून ठीक दिसते आणि क्लॅम्पखाली भेगाळलेली असते. नळी वाकवून भेगा पाहा. हँड पंपाचा दट्ट्या नीट कसला नसेल तर तिथूनही हवा जाते. फिल्टरच्या बाउलची रबर रिंग, जुनी तशीच ठेवून नवीन फिल्टर बसवला की ही हमखास फसते. आणि टाकीच्या आतला उभा पाइप: त्याला वरच्या बाजूला तडा गेला की टाकी भरलेली असताना गाडी ठीक चालते, अर्धी झाली की मिसिंग सुरू होतं. ड्रायव्हर "डिझेल कमी झालं की त्रास होतो" म्हणाला तर सरळ तो पाइप काढून पाहा.

टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही विसरू नका. कोळशाच्या आणि राखेच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ते बुजतं. मग अर्धा-पाऊण तास पळाल्यावर टाकीत पोकळी तयार होते आणि इंजिन उपाशी राहतं. त्रास सुरू होताच झाकण उघडा. "फुस्स" आवाज करत हवा आत गेली आणि गाडी सुधारली, तर भोक साफ करा, काम संपलं.

फीड पंपाच्या इनलेटवर बारीक जाळी किंवा छोटा बाउल असतो. पेपर फिल्टर दोनदा बदलूनही ती जाळी वर्षानुवर्षं न उघडलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. ती स्वच्छ डिझेलमध्ये धुवा. पंपाचा ओव्हरफ्लो व्हॉल्व्हही (जास्तीचं डिझेल परत सोडणारा) पाहा: त्याची स्प्रिंग बसली की पंपाच्या गॅलरीत (आतल्या डिझेलच्या जागेत) दाब टिकत नाही, रिकामी गाडी ठीक आणि भरलेली गाडी चढावर उपाशी.

हवा काढताना हा क्रम ठेवा. दोन बाउलचा फिल्टर असेल तर आधी पहिल्याचा, मग दुसऱ्याचा ब्लीड स्क्रू ढिला करा आणि हँड पंप मारत राहा. फेस थांबून सलग धार आली की हँड पंप मारतानाच स्क्रू कसा. हात थांबवून कसला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू तसाच. त्यानंतर सगळ्या नोझलचे नट एक फेरा ढिले करून सेल्फ मारा, एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. डिझेल दिसेल तसा एकेक नट कसा. शेवटी हँड पंपाचा दट्ट्या दाबून फिरवून घट्ट करा.

पाणी

पावसाळ्यात रोज सकाळी, गाडी हलवण्याआधी, वॉटर सेपरेटर आणि फिल्टरच्या बाउलचा खालचा स्क्रू उघडा. शंका असेल तर टाकीच्या तळाचं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि १५ मिनिटं स्थिर ठेवा. पाणी खाली वेगळं बसतं. पाणी निघालं तर फक्त बाउल रिकामा करून भागत नाही, टाकीचा ड्रेन प्लग उघडून तळ साफ करावाच लागतो. पाण्यानं नोझलची सुई आणि पंपाचा प्लंजर गंजतो, आणि त्यांच्यातली फट इतकी बारीक असते की गंजाचा डागही त्यांना अडकवायला पुरे.

नोझल: अदलाबदल करून पाहा

समजा तीन नंबर मेला आहे आणि पाइपात डिझेल स्वच्छ येतंय. तीनचं नोझल काढून दोनमध्ये बसवा आणि दोनचं तीनमध्ये. पुन्हा नट ढिले करून पाहा. मिसिंग दोनवर गेलं तर नोझल दोषी. तीनवरच राहिलं तर नोझल निर्दोष, पुढे कम्प्रेशनकडे चला. एवढी साधी तपासणी सोडून सहाच्या सहा नोझलं नवी घालणं म्हणजे मालकाचे पैसे पाण्यात.

काढताना आजूबाजूची माती आधी हवेनं उडवा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नोझलखालचा तांब्याचा वॉशर बरोबर बाहेर आला का ते पाहा. तो खाली चिकटून राहतो, वरून नवीन टाकला जातो, आणि दोन वॉशरमुळे नोझलचं तोंड वर उचललं जातं. फवारा पिस्टनच्या वाटीत पडायच्या जागी हेडला लागतो, आणि नवीन नोझल घालूनही धूर जात नाही. सीट साफ करा, वॉशर एकच, नवीन आणि त्याच जाडीचा. क्लॅम्पचे नट आळीपाळीनं सारखे कसा. नोझलभोवती काळा ओला गोल डाग आणि "चफ चफ" आवाज असेल, तर सीटमधून कम्प्रेशन निसटतंय.

नोझल टेस्टरवर चार गोष्टी पाहायच्या. उघडायचा दाब: जुन्या मेकॅनिकल इंजिनांत तो साधारण १८० ते २६० बारच्या दरम्यान असतो, तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा पुस्तिकेतून घ्या आणि सगळी नोझलं त्यावरच लावा. एक २०० आणि एक १७० असेल तर इंजिन कधीच एकसारखं चालणार नाही. फवारा: प्रत्येक भोकातून धुक्यासारखा, धार नको. आवाज: हँडल मारताना "किर्र किर्र" असा. टपकणं: उघडायच्या दाबाच्या १० बार खाली १० सेकंद धरलं तर टोकाला थेंब जमायला नको. दाब कमी भरला तर स्प्रिंगवर शिम (पातळ चकती) घालून वाढवता येतो, पण सुई झिजलेली असेल तर शिमनं काही होत नाही. टेस्टरच्या फवाऱ्यापुढे हात कधीच नको.

टपकणाऱ्या नोझलला "चालते तोवर चालवू" असं करू नका. ते पिस्टनचं डोकं जाळतं, लायनरवरचं तेल धुऊन काढतं आणि डिझेल खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक काढा: तेलाची पातळी वाढली आहे, तेल पातळ आहे, डिझेलचा वास येतो? मग गाडी तिथेच थांबवा, नोझल दुरुस्त करा आणि तेल बदला. पातळ तेलात बेअरिंग जायला फार किलोमीटर लागत नाहीत.

टॅपेट

टॅपेट ढिलं असेल तर टकटक ऐकू येते, म्हणून ते लगेच पकडलं जातं. घट्ट टॅपेट मात्र गुपचूप नुकसान करतं. तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कम्प्रेशन निसटतं, गरम वायू सीटवरून जात राहतो आणि व्हॉल्व्ह जळतो. थंडीत ठीक, तापल्यावर मिसिंग, आवाज काहीच नाही: आधी टॅपेट.

इंजिन पूर्ण थंड असताना करा, शक्यतो रात्रभर उभी असलेल्या गाडीत. टाटा ६९७ आणि कमिन्स ६बीटी या दोन्हींचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) १-५-३-६-२-४. त्यावरून जोड्या पडतात: १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४. इंजिन फिरवत सहा नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र हलताना दिसले, म्हणजे एक बंद होतोय आणि दुसरा उघडतोय, की त्या क्षणी एक नंबरचे दोन्ही टॅपेट लावायचे. दोनचे हलताना पाचचे, चारचे हलताना तीनचे, आणि उलटही. चार सिलिंडरच्या इंजिनात जोड्या १-४ आणि २-३.

कमिन्स ६बीटीला इनलेट ०.२५ मिमी आणि एक्झॉस्ट ०.५० मिमी. बाकी इंजिनांचा आकडा त्याच्या पुस्तिकेचाच घ्या, एका गाडीचा दुसरीला लावू नका. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) किंचित घासत सरकला पाहिजे. लॉकनट कसल्यावर पुन्हा मोजा, कसताना स्क्रू हमखास फिरतो. एकाच व्हॉल्व्हची फट अचानक खूप वाढलेली निघाली तर पुश रॉड वाकली आहे का पाहा, ती काचेवर घरंगळवून कळते.

कम्प्रेशन

नोझल ठीक, टॅपेट ठीक, तरी तोच सिलिंडर मेलेला. आता डिझेलचा कम्प्रेशन गेज लागेल, पेट्रोलचा चालत नाही, फुटेल. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन कोमट, सगळी नोझलं बाहेर, स्टॉप केबल ओढून धरलेली, म्हणजे पंप डिझेल देणार नाही. प्रत्येक सिलिंडरला सेल्फ सारख्याच वेळेपुरता मारा. निरोगी इंजिनात साधारण २० ते ३० बार मिळतात, पण आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा. पाच सिलिंडर २५ च्या आसपास आणि एक १७ वर, तर दोषी तोच. शेजारचे दोन एकदम कमी, तर दोघांमधली हेड गॅस्केट फुंकली आहे. सगळेच सारखे खाली आले असतील तर इंजिन म्हातारं झालंय, मिसिंग शोधण्यात अर्थ नाही, रिंगा-लायनरचं बोला.

पेट्रोल इंजिनासारखं सिलिंडरमध्ये तेल ओतून पाहू नका. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागा इतकी कमी असते की तेल जास्त झालं तर कनेक्टिंग रॉड वाकते. त्याऐवजी तो सिलिंडर कम्प्रेशनच्या टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद) आणा, नोझलच्या भोकातून हवा भरा आणि ऐका. ब्रीदरमधून (तेलाच्या चेंबरची हवा बाहेर सोडणारी नळी) आवाज आला तर रिंगा किंवा लायनर, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूनं आला तर इनलेट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला तडा. हवा सोडताना इंजिन अचानक फिरू शकतं, म्हणून फॅनजवळ हात नको आणि क्रँकवर पाना लटकलेला नको.

रेडिएटरचं झाकण फक्त थंड इंजिनावर उघडा. नागपूरच्या उन्हात इंजिन थंड व्हायला तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.

आता पंप

इथवर सगळं निर्दोष निघालं, किंवा एका लाइनमधून डिझेलच येत नाही, तरच पंपाकडे या. त्यातही एक गोष्ट उतरवण्याआधी पाहायची. पंपाला कपलिंग असेल तर त्याचे बोल्ट आणि खुणा. बोल्ट ढिला पडून कपलिंग सरकलं की टायमिंग बदलतं. पुढे गेलं तर कर्कश ठोका, मागे गेलं तर पांढरा धूर आणि मेलेला पिकअप, आणि हे सगळ्या सिलिंडरला सारखंच होतं.

गाडी तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरूच होत नाही, अर्ध्या तासानं होते, अशी तक्रार असेल तर इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं टाका आणि पंप गार होऊ द्या. त्यानं सुरू झाली तर एलिमेंट झिजले आहेत: तापून पातळ झालेलं डिझेल प्लंजरच्या बाजूनं मागे निसटतं. मे महिन्यात अशा गाड्या जास्त येतात, त्याचं कारण हेच.

लॅबला देताना नुसतं "पंप करा" म्हणू नका. टेस्ट बेंचवर प्रत्येक लाइनचं माप, दुरुस्तीच्या आधीचं आणि नंतरचं, लिहून मागा. लाइन-लाइनमधला फरक कागदावर दिसला की काय दुरुस्त झालं ते कळतं. आणि गव्हर्नरचं (पंपातला, इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणारा भाग) सील तोडून मॅक्सिमम फ्युएलचा स्क्रू घरी फिरवू नका. गाडी चार दिवस जोरात वाटते, मग एक्झॉस्ट तापून पिस्टन आणि टर्बो जातात.

काम झाल्यावर सगळे सिलिंडर पुन्हा एकदा नट ढिला करून तपासा. मग माल भरलेल्या गाडीला ५० ते १०० किलोमीटरची एक फेरी द्या, रिकामीला नको, कारण डिझेल कमी पडण्याचा दोष रिकाम्या गाडीत दिसतच नाही. परतल्यावर पाइपचे नट, नोझलचे क्लॅम्प आणि बँजो बोल्ट कोरड्या फडक्यानं पुसून दहा मिनिटांनी ओल येते का पाहा, फिल्टरचा बाउल उघडून गाळ तपासा, आणि डिपस्टिकवरची तेलाची पातळी कामाआधी लिहून ठेवलेल्या पातळीशी ताडून घ्या.